शॉर्ट टर्म मिशन ट्रिपला गेल्यावर रोजचं आयुष्य कसं असतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिशन ट्रिप म्हणजे चर्चमधून टीम करून दुसऱ्या देशात सुवार्तेच्या (येशूचा संदेश सांगायच्या) आणि सेवेच्या कामाला जाणं. प्रत्येक ट्रिपच्या आधी तेच प्रश्न येतात, निम्मे मीटिंगमध्ये आणि निम्मे मीटिंग संपल्यावर कोपऱ्यात गाठून हळू आवाजात. मी चार वेळा जाऊन आलेय, दोनदा साधी मेंबर म्हणून आणि दोनदा लीडर म्हणून (लीडर म्हणजे औषधांची पिशवी आणि सगळ्यांचे पासपोर्ट ज्याच्या उशाशी असतात तो). कोपऱ्यातले प्रश्नच जास्त कामाचे असतात म्हणून तेही घेतलेत.

शॉर्ट टर्म म्हणजे नक्की किती दिवस?

बहुतेक टीम एक ते दोन आठवडे जातात, काही महिना-दोन महिने, आणि काही संस्था वर्षभर राहिलात तरी त्याला शॉर्ट टर्मच म्हणतात, कारण पूर्वी मिशनरी निघायचा तो जवळपास आयुष्यभरासाठीच. सुट्टीत जाऊन यायचं हे तसं अलीकडचं आहे. 1957 च्या उन्हाळ्यात जॉर्ज व्हर्वर नावाचा कॉलेजातला मुलगा दोन मित्रांना घेऊन अमेरिकेतून मेक्सिकोला गेला, त्यातून पुढे ऑपरेशन मोबिलायझेशन ही मिशन संस्था उभी राहिली, आणि 1960 मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी यूथ विथ अ मिशन ही अशीच संस्था सुरू केली. तरुण पोरांना लांबलचक ट्रेनिंगशिवाय पाठवायचं हे तेव्हा बऱ्याच जणांना पटलं नव्हतं, आणि त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही.

दोन आठवड्यांचा हिशोब आधीच करून ठेवा. पहिले दोन दिवस झोप जागेवर येण्यात जातात, एखादा दिवस पोट खातं, शेवटचा दीड दिवस सामान आणि निरोपात. हातात राहतात नऊ-दहा दिवस. त्यात गाव बदलून टाकू वगैरे डोक्यात असेल तर ते विमानात बसायच्या आधीच काढून टाका.

दिवसभर काय काय असतं? टाइमटेबल मिळेल का?

मिळेल, छापील मिळेल, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते निकामी झालेलं असेल.

साधारण असं चालतं. पहाटे कोंबडा किंवा लाउडस्पीकर तुम्हाला उठवतो, अलार्म लागतच नाही. मग बाथरूमची लाइन. त्या लाइनीतच अर्ध्यांची शांतवेळ (एकट्याने करायची प्रार्थना आणि बायबल वाचन) होते, कारण नंतर वेळ मिळत नाही. सात-साडेसातला सगळे मिळून वचन वाचन आणि प्रार्थना, मग नाश्ता, मग आठला निघायचं. आठला निघायचं म्हणजे गाडी साडेनऊला येते, ड्रायव्हरला वाटेत त्याच्या भावाला सोडायचं असतं, आणि पोचल्यावर कळतं की ज्या शाळेत कार्यक्रम होता तिथे आज सुट्टी आहे. मग स्थानिक पाळक (चर्चचे पास्टर) दोन फोन लावतात आणि तुम्ही भलत्याच वस्तीत घरभेटींना जाता. दुपारी ऊन असेल तर दोन तास काम बंद. संध्याकाळी मुलांचा कार्यक्रम, मग सभा, सभेनंतर कुणाच्या तरी घरी जेवण, आणि रात्री दहाला सगळे गोल करून बसतात, आज काय झालं ते बोलतात, एकजण बसल्या बसल्या झोपतो.

यातला सगळ्यात मोठा वाटा कशाचा असतो सांगू? वाट बघण्याचा. गाडीची, दुभाष्याची, वीज येण्याची, लोक जमण्याची. पहिल्या ट्रिपला मला याचा भयंकर राग यायचा, एवढे पैसे जमवून आलोय आणि नुसते बसलोय म्हणून. एकदा अशीच तीन तास गाडी आली नाही तेव्हा पाळकांची आई सुपात धान्य निवडत बसली होती तिच्याजवळ जाऊन बसले, म्हटलं मदत तरी करू. थोड्या वेळाने तिने माझ्या हातातलं सूप काढून घेतलं कारण मी चांगले दाणे फेकत होते आणि खडे ठेवत होते. आख्ख्या ट्रिपमध्ये तिथल्या कुणी माझ्यावर मोकळेपणाने हसलं असेल तर ते तेव्हा, आणि त्यानंतर ती माझ्याशी पाहुण्यासारखी वागेनाशी झाली, सरळ कामं सांगायला लागली.

मला गाता येत नाही, बोलता येत नाही. मी जाऊन काय करू?

भांडी घासा. खरंच. बारा जणांच्या टीमची रोजची भांडी, कपडे, पाण्याचे कॅन याचा भार यजमान मंडळीतल्या (मंडळी म्हणजे तिथलं चर्च) तीन-चार बायकांवर पडतो आणि त्यांना कुणी विचारत नाही. ज्याला गाता येत नाही तो तिकडे गेला तर त्याचा उपयोग गिटारवाल्यापेक्षा जास्त होतो. बाकी कामं टीमप्रमाणे बदलतात, मुलांचे कार्यक्रम, मेडिकल कॅम्प, रंगकाम, बांधकाम, विहिरीचं काम, घरभेटी, तरुणांच्या सभा. डॉक्टर-नर्स असाल तर त्या देशात तपासायला, औषध द्यायला परवानगी लागते का ते आधी बघा, इथे डिग्री आहे म्हणून तिथेही चालते असं नसतं.

बांधकामाला आम्ही कशाला? तिथे गवंडी नाहीत का?

आहेत. आणि ते तुमच्यापेक्षा चांगलं बांधतात.

याच्यावर अभ्यास झालाय तो सांगते. 1998 मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरासमध्ये हजारो घरं गेली. मग ती बांधायला उत्तर अमेरिकेतून टीम गेल्या आणि त्याच वेळी स्थानिक ख्रिस्ती संस्थाही घरं बांधत होत्या. कर्ट व्हेर बीक नावाच्या अभ्यासकाने नंतर जाऊन दोन्ही प्रकारच्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांशी बोलून 2006 मध्ये ते छापलं. परदेशी टीमने बांधलेल्या घराचा खर्च, त्यांचा प्रवास वगैरे धरून, साधारण 30,000 डॉलर, आणि स्थानिकांनी बांधलेल्या घराचा साधारण 2,000 डॉलर, आणि घर कुणी बांधलं याने त्या कुटुंबांच्या आयुष्यात फरक काही दिसला नाही. टीममधून जाऊन आलेल्यांच्या देण्यात, प्रार्थनेतही टिकलेला बदल फारसा नव्हता.

हे वाचून जाऊच नये का? मी तरी जाते अजून. पण आता घर बांधायला चाललोय असं म्हणत नाही. स्थानिक मिस्त्रीला मजुरी मिळेल, टीम त्याच्या हाताखाली काम करेल आणि आपण गेल्यावर काम अडणार नाही, एवढं असेल तरच बांधकाम घ्या. एका ठिकाणी आम्ही शाळेची भिंत रंगवायला घेतली, घासताना एका कोपऱ्यात पोपडा निघाला तर खाली हिरवा, त्याच्याखाली पिवळा, त्याच्याखाली पुन्हा हिरवा. मुख्याध्यापक म्हणाले, दरवर्षी येणाऱ्या टीमला काहीतरी काम हवं असतं ना. अगदी साधेपणाने म्हणाले ते, टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

भाषा येत नाही. दुभाषा असला की झालं ना?

दुभाषा असला की अर्धं झालं. तुमचा वीस मिनिटांचा संदेश (सभेतलं प्रवचन) चाळीस मिनिटांचा होतो, म्हणजे तो दहा मिनिटांचाच लिहा. छोटी वाक्यं बोला, वाक्य पूर्ण करून थांबा, अर्ध्या वाक्यात थांबलात तर पुष्कळ भाषांमध्ये क्रियापद शेवटी येतं किंवा आधी येतं, त्या बिचाऱ्याला काही जुळवता येत नाही. शब्दांचे खेळ, यमकं, विनोद सोडून द्या. माझ्या एका विनोदावर लोक खूप हसले तेव्हा मला फार बरं वाटलं, नंतर दुभाष्याने सांगितलं की मी त्यांना एवढंच म्हटलं, ताईंनी विनोद केलाय, हसा.

संदेश आदल्या दिवशी दुभाष्याला वाचायला द्या आणि वचनाचे संदर्भ लिहून द्या म्हणजे तो त्याच्या भाषेतल्या पवित्र शास्त्रातून वाचेल, तुमच्या वाक्याचं जागेवर भाषांतर करत बसणार नाही. आणि त्याला पाणी द्या, जेवायला आधी बसवा, दिवसभर टीममध्ये सगळ्यात जास्त तोच बोलतो.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा 14 वा अध्याय जायच्या आधी एकदा या नजरेने वाचा. प्रेषित पौल आणि त्याचा सोबती बर्णबा सुवार्ता सांगत फिरत होते, लुस्त्र गावात पौलाने पांगळ्याला बरं केलं आणि लोक त्यांच्या भाषेत ओरडायला लागले की देवच माणसांच्या रूपात उतरलेत, बर्णबाला ज्यूस म्हणाले, पौलाला हर्मेस म्हणाले (दोन्ही ग्रीक देव). हे दोघांना कळलं कधी, तर पुजारी बैल आणि हार घेऊन आला तेव्हा, मग कपडे फाडत गर्दीत धावले. म्हणजे भाषा न कळल्यामुळे गोष्ट कुठपर्यंत जाऊ शकते बघा. आणि आपल्यालाही हार घेऊन आलेले लोक आवडतात, आपण कपडे फाडत नाही, फोटो काढतो.

साक्ष (देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं) द्यावी लागेल का? माझ्याकडे काही भारी साक्ष नाहीये.

द्यावी लागेल, बहुधा न सांगता, कुठल्याही घरात बसल्या बसल्या. पाळक म्हणतील, आता हा भाऊ दोन शब्द सांगेल, आणि सगळे तुमच्याकडे बघतील. तीन मिनिटांची एक साक्ष घरूनच तयार करून न्या. दारू सुटली, अपघातातून वाचलो असं काही नसलं तरी चालतं. लहानपणापासून मंडळीत वाढलात तर तेच सांगा. बनवून मात्र सांगू नका, लोकांना कळतं. आणि आपल्याकडे किती सोयी आहेत, तुमच्याकडे नसूनही तुम्ही किती आनंदी, हे वाक्य कृपा करून बोलू नका, ते लोक काही आनंदी राहायचं म्हणून गरीब नाहीयेत.

पुढे वाढलेलं खाववत नसेल तर?

बायबलमध्ये लूक 10 मध्ये येशूने बहात्तर जणांना (काही प्रतींत सत्तर) पाठवताना सांगितलं की ज्या घरात जाल तिथे पुढे वाढतील ते खा. मिशन ट्रिपवरचा सगळ्यात अवघड आदेश हाच असावा. थोडं घ्या, हळू खा, ताट रिकामं केलं की पुन्हा वाढायचं अशी रीत पुष्कळ ठिकाणी असते म्हणून एकदम संपवू नका. अ‍ॅलर्जी असेल तर मात्र लाजू नका, त्या भाषेत कागदावर लिहून घ्या, लीडरला आणि स्वयंपाक करणाऱ्यांना आधीच सांगा. शिजवलेलं गरम अन्न, स्वतः सोललेलं फळ, हे बहुतेक सुरक्षित. कच्चं सॅलड, बर्फ, उघड्यावरचं कापलेलं फळ नको.

यजमानांनी आपल्यासाठी त्यांचं चांगलं ते काढलेलं असतं, कधी कोंबडी कापलेली असते आणि घरातली मुलं दारातून बघत असतात. तेव्हा तुम्ही बॅगेतून आणलेला बिस्किटांचा पुडा फोडून खायला बसलात ना, तर मग संध्याकाळी प्रीतीवर संदेश देऊ नका.

पाणी कुठलं प्यायचं?

सीलबंद बाटली, नाहीतर उकळलेलं. खळखळून एक मिनिट उकळी, आणि 2,000 मीटरपेक्षा उंचावर असाल तर तीन मिनिटं. दात घासायलाही तेच पाणी. अंघोळ करताना तोंड बंद.

पोट बिघडलं तर?

बिघडेल, निदान टीममधल्या दोघा-तिघांचं तरी. घाबरू नका आणि लपवूही नका, आध्यात्मिक दिसायच्या नादात एकजण दिवसभर उन्हात उभा राहिला आणि संध्याकाळी कोसळला. ओआरएसची पाकिटं प्रत्येकाने स्वतःच्या बॅगेत ठेवायची. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, मोजून, अंदाजाने नाही. घोटघोट पीत राहायचं. जुलाब थांबवायच्या गोळ्या लांबच्या बसप्रवासापुरत्या ठीक आहेत पण ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर त्या घ्यायच्या नाहीत, डॉक्टर गाठायचा.

लशी आणि मलेरियाच्या गोळ्या खरंच लागतात का? देव सांभाळेलच ना?

सांभाळेल, आणि त्यासाठीच लशी आहेत. हा प्रश्न दरवेळी कुणीतरी विचारतं आणि दरवेळी तोच माणूस सीटबेल्ट लावून बसलेला असतो.

जायच्या निदान सहा-आठ आठवडे आधी ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये किंवा डॉक्टरकडे जा. यलो फीव्हरची लस आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांसाठी लागते, तिचं सर्टिफिकेट लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात घेऊन उपयोग नाही, विमानतळावर अडवतात. एकदा घेतली की जुलै 2016 पासूनच्या नियमाने सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. ती जिवंत लस आहे, त्यामुळे प्रतिकारशक्तीचा आजार असेल, गरोदर असाल, वय 60 च्या पुढे असेल तर डॉक्टरांशी नीट बोलून ठरवा. बाकी टायफॉइड, हिपॅटायटिस ए, आणि धनुर्वात, कारण बांधकामावर खिळा लागणारच.

मलेरियाच्या गोळ्यांमध्ये लोक चुकतात ते परत आल्यावर. डॉक्सीसायक्लिन असेल तर त्या भागातून निघाल्यावरही चार आठवडे घ्यायची असते, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस. घरी आलो, मच्छर गेले, गोळ्या बंद, असं नाही. मच्छरदाणी गादीखाली खोचायची, नुसती लटकवायची नाही. कुत्रा चावला किंवा नुसतं ओरबाडलं तरी जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, उद्याचा कार्यक्रम झाल्यावर बघू असं करायचं नाही, रेबीज झाल्यावर त्याला उपाय नाही.

राहायचं कुठे? बाथरूम असतं का?

मंडळीच्या हॉलमध्ये जमिनीवर, शाळेच्या वर्गात, कुणाच्या घरी, कधी गेस्ट हाउस. बाथरूम असतं, शॉवर असेलच असं नाही. एका बादलीत अंघोळ दोन दिवसांत जमते, अर्ध्या बादलीत चौथ्या दिवशी. टॉर्च, इअरप्लग, टॉयलेट पेपर, हात धुवायचं जेल. घोरणाऱ्याशेजारी झोपायची पाळी कुणाची, यावर आमच्याकडे चिठ्ठ्या टाकतात.

कपडे कसे न्यायचे?

मळले तरी चालतील असे, आणि तिथल्या मंडळीला चालतील असे. गुडघा-खांदा झाकलेला बरा. उपासनेसाठी एक चांगला जोड ठेवाच, गरीब वस्तीत चाललोय म्हणून फाटकी जीन्स घालून जाऊ नका, रविवारी ते लोक इस्त्रीचे कपडे घालून आलेले असतात आणि मग आपलीच आपल्याला लाज वाटते.

फोन, इंटरनेट, फोटो यांचं काय?

फोन दिवसातून ठरलेल्या वेळी, बहुतेक टीममध्ये तसा नियमच असतो. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दोन दिवस मेसेज नाही आला तर काही झालेलं नसतं.

फोटोबद्दल मी जरा कडक आहे. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो आईवडिलांना किंवा जबाबदार माणसाला विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत. आजारी माणूस, रडणारा माणूस, प्रार्थनेत गुडघे टेकलेला माणूस, नाहीच. स्वतःला विचारून बघा, तुमच्या मुलाला धुळीत बसवून कुणी अनोळखी माणसाने सेल्फी काढला आणि खाली लिहिलं की याने माझं हृदय जिंकलं, तर चालेल का. आणि ज्या देशात ख्रिस्ती लोकांवर दबाव आहे तिथे तर फोटो, लोकेशन, पाळकांचं नाव काहीच टाकू नका. तुम्ही विमानाने निघून जाता, चौकशी त्यांच्या दारात येते.

अनाथाश्रमात जाणार का? मुलांबरोबर खेळायला फार आवडेल.

आमच्या टीम आता जात नाहीत. लोक नाराज होतात, कारण फोटोही तिथेच छान येतात. पण बऱ्याच देशांत अशा संस्थांमधल्या मुलांपैकी कित्येकांचे आई किंवा वडील जिवंत असतात, गरिबीमुळे मुलं तिथे येतात, आणि परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येत राहिल्या की मुलं आणून ठेवण्याचा धंदाच होतो. ऑस्ट्रेलियात 2018 च्या आधुनिक गुलामगिरीच्या कायद्याच्या वेळी ही गोष्ट चर्चेत आली आणि 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या बालहक्कांवरच्या ठरावातही अनाथाश्रमातल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्याचा उल्लेख झाला. यात कुणी वाईट हेतूने जातं असं नाही. पण दर दोन आठवड्यांनी नवीन दादा-ताई येतात, कडेवर घेतात, जीव लावतात आणि निघून जातात, हे त्या मुलाच्या बाजूने मोजून बघा. मुलांसाठी काही करायचंच असेल तर कुटुंब एकत्र राहावं म्हणून काम करणाऱ्या तिथल्या मंडळीला द्या.

कुणी पैसे मागितले तर?

मागतील. शाळेची फी, आजारी आई, नवीन छप्पर, आणि त्यातलं बरंचसं खरं असेल. आपल्या हाताने द्यायचं नाही, टीम लीडरमार्फत, मंडळीच्या वडीलजनांशी बोलून द्यायचं. कठोर वाटतं, मलाही वाटलं, आणि एकदा मी गुपचूप एका बाईच्या हातात पैसे दिले. दुसऱ्या दिवशी दारात अकरा बाया होत्या आणि ती पहिली बाई त्यांच्या नजरेतून उतरली होती, तिला म्हणे आता मंडळीतल्या मदतीत नाव नको. डाव्या हाताला कळू नये म्हणून दिलेलं आख्ख्या गावाला कळतं. फोन नंबर, नोकरी, व्हिसासाठी मदत असली वचनंही देऊ नका. बघू म्हणालात तरी ते हो म्हणून ऐकलं जातं.

टुरिस्ट व्हिसावर सुवार्ता सांगता येते का?

देशावर आहे, आणि पाठवणाऱ्या संस्थेकडून लेखी उत्तर घ्या, मित्राच्या मित्राकडून नाही. काही देशांत धार्मिक कामाचा वेगळा व्हिसा लागतो. काही ठिकाणी धर्मांतर करायला लावणं हाच गुन्हा आहे, जसं नेपाळमध्ये 2015 च्या संविधानातच ते आलंय आणि ऑगस्ट 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, परदेशी माणसाला देशाबाहेर काढायची तरतूदही आहे. इमिग्रेशनवर खोटं बोलायचं नाही. खोटं बोलून सुवार्ता सांगायला जायचं यात काहीतरी विचित्र आहे हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

पासपोर्टला परतीनंतर निदान सहा महिने मुदत हवी, त्याची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत, आणि इन्शुरन्समध्ये आजारी पडल्यास दुसऱ्या देशातून उचलून आणण्याचा खर्च धरलाय का ते बघा.

टीममध्ये भांडणं होतात का? सगळे विश्वासी असताना?

पाचव्या दिवशी. जवळपास ठरलेलंच. झोप कमी, पोट बिघडलेलं, आणि कुणीतरी कुणाचा तरी टॉवेल वापरतो. पौल आणि बर्णबासुद्धा दुसऱ्या प्रवासाच्या तोंडावर इतके भांडले की वेगवेगळ्या वाटेने गेले. आमच्याकडे एवढंच करतात की रात्रीच्या बैठकीत मनातलं बोलायचं आणि यजमानांसमोर बोलायचं नाही. एकदा प्रार्थनेतून भांडण चाललं होतं, प्रभू माझ्या बहिणीला नम्रता दे, प्रभू माझ्या भावाला कान दे, शेवटी लीडरने आमेन म्हणून बंद केलं.

टीममध्ये कुणी आवडलं तर?

घरी आल्यावर बघा. तिथे सगळेच चांगले दिसतात.

प्रार्थनाच होत नाही, कोरडं कोरडं वाटतंय, असं झालं तर?

हा कोपऱ्यातला प्रश्न. फार जणांना होतं आणि सांगत कुणी नाही, कारण बाकीचे सगळे भरून आलेले दिसतात. दिवसभर लोकांसाठी प्रार्थना करायची आणि स्वतःची एकही नाही, असे दिवस जातात. त्यात काही मोठा अर्थ शोधू नका, आधी झोपा, पाणी प्या. मग एखादं स्तोत्र मोठ्याने वाचा, स्वतःचे शब्द नसले तर दुसऱ्याचे वापरायला हरकत नाही, स्तोत्रं त्यासाठीच आहेत. दुसऱ्या ट्रिपला मला आठवडाभर काहीच वाटलं नाही, आणि बाराव्या दिवशीही काही वाटलं नाही. घरी येऊन दोन महिन्यांनी हळूहळू बरं वाटलं, तेही का ते माहीत नाही.

मध्येच परत यावंसं वाटलं तर? लाजिरवाणं आहे ना?

घरची आठवण तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यात जास्त येते, मग जरा उतरते, म्हणून निर्णय तेव्हा घेऊ नका. पण आजारपण असेल, घरी काही झालं असेल, किंवा मन खरंच सावरत नसेल तर परत या. पहिल्याच मिशन ट्रिपवरून एकजण अर्ध्यातून परतला होता, कृत्ये 13 मध्ये, योहान मार्क, पिर्गाहून सरळ यरुशलेमला घरी. का गेला ते लिहिलेलंही नाही. पौल त्यावर इतका चिडला की पुढे त्याला सोबत घ्यायला तयार नव्हता, वर सांगितलेलं भांडण याच्यावरूनच. आणि मग कितीतरी वर्षांनी तोच पौल तुरुंगातून तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. तिकीट बदलायचे पैसे मात्र आधीच बाजूला ठेवा.

परत आल्यावर काय करायचं?

पहिला आठवडा कुणाशी वाद घालू नका. नळाला गरम पाणी येतं म्हणून रडू येईल किंवा घरच्यांनी अन्न टाकलं म्हणून राग येईल, आणि तुम्ही लेक्चर द्यायला लागाल, नका देऊ. मंडळीत रिपोर्ट देताना पंधरा मिनिटांच्या वर बोलू नका. सभेत येशूला स्वीकारतो म्हणून किती जणांनी हात वर केले ते आकडे सांगताना जपून, त्यातले काही दर टीमला हात वर करतात, पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून.

ज्यांनी पैसे दिले त्या प्रत्येकाला पत्र किंवा मेसेज. तिकडच्या पाळकांना महिन्याभराने एक फोन, फक्त विचारपूस, पुढची तारीख ठरवायला नाही. मी पहिल्यांदा असा फोन केला तेव्हा ते बराच वेळ थांबले, मग म्हणाले, टीम कधी येतेय? म्हटलं, टीम नाही, असाच केला. मग त्यांनी आईला फोन दिला. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, दुभाषा नव्हता. ती दोन मिनिटं बोलली, मी हो हो म्हणत राहिले, आणि मध्येच ती हसायला लागली, बहुतेक त्या सुपावरून.

आणि ताप आला तर, महिन्याने असो नाहीतर सहा महिन्यांनी, डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं की मी अमुक देशात जाऊन आलेय. मलेरिया उशिराही निघतो.